बिनब्रेकची गाडी

अमेरिकेत आम्ही राहतो त्या अल्फारेटाहून तासाभरावर मातीचा एक गोल ट्रॅक आहे. तिथल्या स्पीडवे क्लबात माझी मुलगी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरते. गेला अख्खा सीझन मी शेवटच्या वळणापाशी, कुंपणाबाहेर उभा राहून, हात नाचवत ‘ब्रेक मार, ब्रेक मार!’ म्हणून बोंबललो. पुण्यात इतकी वर्षं बाइक चालवली होती. मला कोण शिकवणार?

यंदा नवा सीझन सुरू व्हायच्या आधी क्लबच्या कॅप्टनबाईंनी टीम बिल्डिंग म्हणून आम्हा पालकांनाच गाड्या धुवायला बसवलं. धुता धुता म्हटलं, ब्रेकही जरा घट्ट करावा. तर तो सापडेचना. कॅप्टनबाई हसत सुटल्या. या गाड्यांना ब्रेक नसतोच म्हणे. वळणावर मागचं चाक मातीत घसरवून वेग आवरायचा.

मी नुसता चडफडलो. एवढ्या महिन्यांत एकानेही सांगू नये?

पुढच्या प्रॅक्टिसला मी हाताची घडी घालून मुकाट उभा राहिलो. मुलगी त्या वळणावर भलतीच बाहेर गेली. हेल्मेट काढून तरातरा माझ्याकडे आली.

“बाबा, आज हात का नाही हलवलास? तो दिसला की मी चाक घसरवते!”