पहिला घाट

कारंजाच्या बाजारात तुरीची पोती उतरवून घेत होतो, तेव्हा सुनंदाचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. तिचा बाप म्हणजे माझा मित्र दादाराव, मेडशीजवळ ट्रकच्या ब्रेकचं गॅरेज चालवणारा. बरेच दिवस आजारी होता, बातमी येणार हे माहीत होतं. तरी परतीच्या रस्त्यावर प्रत्येक उताराला तो आठवत राहिला आणि मी गाडी उगाच हळू चालवली...

दादाराव काही साधाभोळा नव्हता. भांडखोर, बढाईखोर, आणि ब्रेकच्या बाबतीत तर दुसऱ्या कुणाचं ऐकून घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. आमची ओळखही अशीच झाली. माझ्या गाडीचा ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली धडधडायचं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासणारे पट्टे, बदलून झाले, तरी गुण येईना. घाट उतरल्यावर काय करतोस, असं त्यानं विचारलं. मी ऐटीत सांगितलं की हॉटेलपाशी थांबून तापलेल्या चाकांवर बादलीभर पाणी मारतो, मग चहा घेतो. आम्ही सगळेच ड्रायव्हर मारायचो. थकून आलेल्या बैलाला पाणी दाखवावं, तसंच ते. त्यावर त्यानं चारचौघांत माझी बिनपाण्यानं केली. तापलेलं लोखंड पाण्यानं एकदम आकसतं, ड्रमचा गोलपणा जातो, मग लायनर कुठं टेकतो, कुठं सुटतो, तीच ही धडधड. लेथवर ड्रम सारखा करून त्यानं बसवला आणि न विचारता कॅबिनमध्ये चढला. ही त्याची रीत. ब्रेकचं काम केलेल्या गाडीतून पातूरचा घाट पहिल्यांदा तो स्वतः उतरायचा, वर परत यायचा, आणि मगच गाडी सोडायचा. वाटभर आपलीच तारीफ करायचा, ती मुकाट ऐकावी लागे.

माझा मुलगा वैभव गाडी चालवायला लागला, त्या हंगामात आमचं खरं बिनसलं. शिरपूरला सोयाबीन भरायचं होतं आणि दादारावला मागच्या ड्रमला केसासारखी चीर दिसली. नवा ड्रम यायला वेळ होता. एवढी एक खेप होऊ दे, म्हणून मी हट्टाला पेटलो. एरवी गावभर ऐकू जाईल असा बोलणारा माणूस त्या दिवशी हळू आवाजात म्हणाला, "हा ड्रम लावून मी सोता त्या गाडीत बसनार नाही. मंग तुह्या पोराले कसा बसवू?"

गाडी तिथंच टाकून मी तणतणत घरी आलो. माल दुसऱ्यानं नेला. मी अबोला धरला, पण वैभव समोर जेवायला बसला की माझा राग आपोआप उतरे. शेवटी मीच गेलो. माझ्या लेकराचा जीव त्यानं माझ्यापेक्षा जास्त जपला, हे मी त्याला कधी तोंडावर बोललो नाही. बोललो असतो तर चार दिवस मिरवला असता...

मागच्या आठवड्यात वैभवच्या गाडीचं पॅडल धडधडायला लागलं. गॅरेज आता सुनंदा बघते; लेथ ती बापाकडूनच शिकली. ड्रम बसवून झाले आणि मी कॅबिनकडे निघालो. दादाराव नाही, तर पोराशेजारी आपण बसावं, असं मनात होतं. सुनंदानं मला अडवलं.

"काका, काम माह्या हातचं हाय. मलेच बसा लागते."

गाडी घाटाकडे गेली. टिनाच्या सावलीत दादारावची बायको, कमलवहिनी, बाजेवर बसली होती. मी तिच्याशेजारी टेकलो. आजवर मी नेहमी गाडीत असायचो. मागे थांबण्याची माझी ही पहिलीच वेळ.

"तुमचे दोस्त घाटात गेले की मी अशीच बसून राहत होती, भाऊजी," वहिनी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "गाडी परत दिसल्याबिगर चहा नाही ठेवला कधी."

बऱ्याच वेळानं वळणावर गाडी दिसली, आणि वहिनी चहा ठेवायला उठली.