अण्णांची भट्टी आणि झिरो कार्बन

भट्टीवर दूध आटत जातं अन् किस्से वाढत जातात. भूमकडच्या आमच्या गावात भीमाअण्णांची खव्याची भट्टी आहे. मी तिथं रोज दूध घालतो. गाव 'झिरो कार्बन' करायचं निघाल्यापासून तर असे एकेक प्रकार झालेत, की सांगत बसलो तर कॅनमधलं दूध नासंल!

*

पहिल्या मीटिंगला एका संस्थेच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "कार्बन डायऑक्साइड शून्यावर आणायचाय. आपण श्वास सोडतो ना, त्यातलाच हा वायू."

अण्णांनी हात वर केला. "मंग मॅडम, आमी श्वास सोडायचा कुठं? शेजारच्या वाशी तालुक्यात जाऊन?"

*

दुसऱ्या दिवशी मॅडम भट्टीवरच आल्या. श्वासाचं चालतं, म्हणाल्या. झाडातनं अन्नात आलेला वायू झाडातच परत जातो.

"मंग हे बाभळीचं लाकूड बी झाडाचंच की!"

"बरोबर अण्णा. पण तोडलं तेवढं लावलं तर."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी दारातल्या म्हशीकडं बघितलं. लावलं कुणीच नव्हतं!

*

मुरुम गावचे शिवाप्पा अण्णांचा खवा विकत नेतात. त्यांच्यासमोर मॅडम खवा करायच्या विजेवरच्या मशीनचं सांगत होत्या. "वीज तर तुमच्याच माळावर तयार होते, पवनचक्क्यांवर!"

तेवढ्यात लाईट गेली.

शिवाप्पा टोपीनं वारा घेत म्हणाले, "पंखा तुमच्या माळावर, अन् वारं भलत्यालाच लागतंय!"

*

मग गावानं 'झिरो कार्बन'ची शपथ घ्यायचा कार्यक्रम. लाईट नव्हतीच, म्हणून माईकला डिझेलचा जनरेटर लावला. त्या धडधडीत तालुक्यावरनं आलेल्या साहेबांच्या भाषणातलं 'शून्य, शून्य' एवढंच ऐकू येत होतं.

शेजारच्या म्हाताऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. "एवढा वाईट निकाल कुणाचा लागला रं?"

*

मला विचाराल तर अजून काय कळंना. अण्णांचं ऐकलं की अण्णा बरोबर वाटतात, मॅडमचं ऐकलं की मॅडम.

परवा मशीन घ्यायचं का नाही, ह्याचा निकाल लावायला सगळे भट्टीवर जमले. अण्णांनी विचारलं, "हे शून्य व्हायचं कधी?"

"देशाचं म्हणाल तर अजून बरीच वर्षं लागतील," मॅडम म्हणाल्या.

"तवर म्या कुठला ऱ्हातोय! माझ्या सरणाला लाकूड लागंलच की. त्यो धूर कुणाच्या नावावर धरणार?"

मॅडम गोंधळल्या. शिवाप्पा मात्र खूश! "आमा लिंगायतांचं बरं हाय. आमच्यात मातीत ठेवत्यात. आमी आधीच झिरो!"

सगळे खदाखदा हसले. अण्णांच्या मालकीण, काशीकाकू, कढईसमोर खवा हलवत बसल्या होत्या. त्या तेवढ्या हसल्या न्हाईत. खोकल्याची उबळ जिरू दिली, पदरानं डोळे पुसले अन् म्हणाल्या, "अवं, मेल्यावरच्या धुराचं मागनं बघा. आदी मला ह्या धुरातनं उठवा!"



अण्णांच्या हातात लाकूड होतं. आत सारावं का खाली ठेवावं, त्यांना सुधरंना.