मामांच्या मागचं बहारीन

बहारीन या देशाला आपला भूतकाळ नीट बघायचा असेल, तर आधी माझ्या मामेसासऱ्यांना बाजूला व्हायला सांगावं लागेल. यात अतिशयोक्ती नाही. तिथला जुना बाजार, लाकडी गलबतांचा धक्का, राजधानी मनामाच्या अरुंद गल्ल्या, पुढे समुद्रात भर घालून बुजवलेला किनारा, हे सगळं आजही कर्वेनगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या खालच्या खणात सुखरूप आहे. फक्त त्या प्रत्येकाच्या समोर, बरोबर मध्यभागी, बेलबॉटम घातलेले मामा उभे आहेत. एक हात कमरेवर, दुसरा मनगटावरचं घड्याळ दिसेल इतका पुढे, आणि चेहऱ्यावर हे सगळं आपणच बांधून दिल्याचा भाव. अंगकाठी तेव्हाही भरभक्कम असल्यामुळे मागे एखादं लहान दुकान असेल तर ते पाटीसकट झाकलं जाई. पत्रासोबत फोटो पुण्याला पाठवून खुशाली कळवायची, एवढाच त्यामागचा मूळ हेतू होता. मागे देशही आला, त्याला मामांचा इलाज नव्हता.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तरुणपणी एसी दुरुस्तीचं काम शिकून ते बहारीनला गेले आणि नऊ वर्षं तिथल्या लोकांना गार ठेवून परत आले. त्यालाही आता चाळीसेक वर्षं झाली, पण त्यांची नजर अजून कामावरून परतलेली नाही. जुना फोटो समोर आला की बाकीचे लोक माणसं बघतात, कपडे बघतात, मोटारी बघतात. मामा खिडकीतला एसी बघतात. त्यावरून ते फोटोचा काळ सांगतात, घर कुणाचं ते सांगतात, घरमालकाची ऐपत सांगतात आणि अंगात आलं तर त्याचा स्वभावही सांगतात. दोन टनांचा एसी घेऊन तो फक्त पाहुणे आल्यावर लावणारा माणूस मुलीच्या लग्नातही हात आखडता घेणार, असा त्यांचा एक सिद्धान्त आहे आणि पुरावा मागायची आमच्यात कुणाची छाती नाही. आमच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा त्यांनी नवरानवरीवरून भराभर पानं उलटली आणि एका पानाशी थांबून ‘तिरका बसलाय’ असं गंभीरपणे सांगितलं. मी फोटोतला माझा फेटा बघू लागलो. ते मंगल कार्यालयाच्या भिंतीकडे बघत होते.

बहारीनहून येताना त्यांनी शुक्रवारची सुट्टीही बरोबर आणली. शुक्रवारी मामांचं वाणसामान, दाढी, दवाखाना, सगळं बंद असतं. एकदा दाढ ठणकत असताना सदाशिव पेठेतल्या दाताच्या डॉक्टरांनी शुक्रवारची वेळ दिली, तर यांनी दाढेखाली लवंग धरून शनिवार गाठला. उलट रविवारी मात्र पहाटे आंघोळ उरकून, पायात बूट चढवून, ड्यूटीवर निघाल्यासारखे ते पुण्यातल्या जुन्या बाजाराला जातात. आखातातून परतलेल्या लोकांची घरं पुढची पिढी आवरते तेव्हा आतलं बरंच काही तिथे येऊन पडतं, आणि मामा ते उचलून कर्वेनगरला आणतात. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, लांब चोचीच्या कॉफीच्या किटल्या, विमान कंपन्यांच्या खांद्याला लावायच्या पिशव्या, अरबी आकड्यांची कॅलेंडरं. यातलं अस्सल बहारीनचं फार थोडं. दुबई आणि कुवेतच्या वस्तू ते घेतात, पण खालच्या फळीवर ठेवतात. आलेल्या माणसाला शंकरपाळे हवे असतील तर आधी डब्याचा इतिहास ऐकावा लागतो आणि इतिहास संपेपर्यंत झाकण उघडत नाही. म्हणून माझी बायको मामांकडे जाताना खाण्याचा डबा स्वतःच घेऊन जाते.

या सगळ्या पसाऱ्याला मामी कशा काय पुरून उरल्या, हे मला कधीच कळलं नाही. त्या फार बोलत नसत. बहारीनला गेल्यावर पहिल्याच वर्षी मामांनी हौसेनं कॅमेरा घेतला, पण कंप्रेसर डोळे मिटून उघडणाऱ्या या माणसाच्या हातात कॅमेरा आला की समोरच्यांची डोकी उडत. मग तो मामींकडे गेला. मामींनी कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपत्रक दोनदा वाचलं. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, असं त्यात लिहिलं होतं. मामींनी ते नऊ वर्षं पाळलं. दर शुक्रवारी ऊन कलल्यावर दोघं फिरायला निघत, मामी सूर्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि मामांना समोर उभं करत. मागचंही काही दिसावं म्हणून त्या “जरा डावीकडे व्हा” म्हणत, आणि मामा होत नसत. मामींचा फोटो मामांनी एकदाच काढला. त्यात एका घराच्या खिडकीतला एसी इतका स्वच्छ आला आहे की त्याचा नंबर वाचता येतो, आणि कडेला हिरव्या बांगड्यांतला एक कोपर आहे.

मामी तीन वर्षांपूर्वी गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून सगळा खण उपसला, तेव्हा आमच्या लक्षात आलं की नऊ वर्षांच्या बहारीनमध्ये त्या एका कोपराखेरीज मामी कुठेच नाहीत. इथे परत आल्यावरही कॅमेरा त्यांच्याच हातात राहिला असावा, कारण लग्नकार्यातल्या फोटोंतही त्या असल्या तर कुणाच्या तरी खांद्याआड होत्या. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात मामी कुणावर तरी चिडलेल्या दिसतात, आणि त्या कुणावर चिडल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी मामा त्या खणासमोर पाटावर बसून होते. “नऊ वर्षं आम्ही दोघं होतो तिथे,” ते मला म्हणाले, “पण हे कपाट बघाल तर मी एकटाच गेलो होतो.” एरवी त्यांच्या बोलण्यावर आम्ही हसतो. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर मामा फारच एकटे पडले म्हणून मीच त्यांना इंटरनेटवरचा एक गट दाखवला. जुन्या बहारीनचे फोटो जमवणारी तिथली मंडळी त्यात होती. त्यांची जुनी वस्ती पाडून झाली, समुद्र मागे हटवून झाला, उंच इमारती बांधून झाल्या, आणि आता नातवंडांना आजोबांची गल्ली कशी होती हे बघायचं होतं. मामांना हे काम आपल्यासाठीच निघालं आहे असं वाटलं. ते सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. तिथल्या एका तरुण बाईंनी आपल्या आजोबांचं नाव देऊन त्यांचं घर म्हणून एक फोटो टाकला, तर मामांनी हे तुमच्या आजोबांचं घर नव्हेच, असं कळवलं. तुमच्या आजोबांच्या घराचा एसी पश्चिमेच्या भिंतीत होता, त्याच्या फटी मी स्वतः बुजवल्या आहेत, आणि तो उन्हाळ्यात चारदा बंद पडे कारण तुमच्या आजी त्यावर कपडे वाळत घालत. मी यातलं आजींचं कलम गाळू का म्हणून विचारलं. मामांनी गाळू दिलं नाही. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं होतं आणि कपड्यांसकट सगळं खरं निघालं होतं.

मग मामांनी खणातून त्या खऱ्या घराचा फोटो काढून पाठवला. अर्थात समोर मामा होतेच. बाई हरखून गेल्या. त्या आपल्या पाडलेल्या मोहल्ल्याच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवत होत्या, आणि हे घर त्यातला सगळ्यात मोठा फोटो म्हणून दारासमोर लावायचं त्यांनी ठरवलं. मामांनी ही बातमी सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना सांगितली. चेअरमननी तिथे जायचा खर्च कोण देणार, एवढंच विचारलं. मामांना त्याचंही वाईट वाटलं नाही, इतके ते खुशीत होते.

आठवड्याभरानं बाईंचं पुन्हा पत्र आलं. अतिशय अदबीनं त्यांनी विचारलं होतं की घर मोकळं दिसावं म्हणून मधल्या गृहस्थांना कॉम्प्युटरवर पुसून टाकलं तर चालेल का, आणि खाली फोटो काढणाऱ्याची सावली आली आहे, तेवढा भाग कापला तर चालेल का. मी हे वाचून दाखवताना जरा चाचरलोच. पण मामा पहिल्या प्रश्नाला मान डोलावून मोकळे झाले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांनी “कुणाची सावली?” असं विचारलं आणि एसी बघायचं भिंग उचललं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या फोटोच्या खालच्या भागाकडे बघितलंच नव्हतं, कारण एसी वर असतात. वाळूवर, मामांच्या बुटांच्या रोखानं, एक लांब सावली पसरलेली होती. डोळ्याशी कॅमेरा धरलेले दोन कोपर आणि वाऱ्यानं बाजूला उडालेला पदर.

मामांनी सगळा खण जमिनीवर ओतला. कलत्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून काढलेले फोटो ते. पंचवीस-तीस फोटोंत मामी होत्या. धक्क्यावर होत्या, बाजारात होत्या, मशिदीच्या भिंतीपाशी होत्या. कुठे आखूड, कुठे लांब, एका ठिकाणी पायऱ्यांवर घडी पडल्यासारख्या. मामा एकेक फोटो भिंगाखाली धरून बाजूला ठेवत होते आणि मी ते गोळा करत होतो. मग ते मला म्हणाले, “लिहा जावईबापू. मला खुशाल पुसा. लोकांनी मला पुष्कळ बघितलंय. पण हिला हात लावायचा नाही.”

मी लिहिलं. त्यात माझ्या नोकरीच्या सवयीनं ‘नम्र विनंती’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द पडला. मामांनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि विनंती नाही, अट आहे, असं मला सुधारायला लावलं. अट मान्य नसेल तर फोटो देणार नाही, हेही घालायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं की अहो मामा, प्रदर्शन त्यांचं, भिंत त्यांची, त्या दुसरा फोटो लावतील आणि तुमचं सगळंच राहील. सोसायटीत काय सांगाल? त्यावर त्यांनी, सोसायटीला मी बघून घेईन, एवढंच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी कळवलं की मांडणी करणाऱ्या माणसाला सावली पसंत नाही, त्याच्याशी बोलून सांगते. मग आठ दिवस काहीच नाही. त्या आठ दिवसांत मामांनी मला एसीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. रोज संध्याकाळी येत, उत्तर आलं का विचारत आणि चहा अर्धा ठेवून जात. त्या अनोळखी मांडणीवाल्याचा मला मनापासून राग येत होता.

नवव्या दिवशी उत्तर आलं. मांडणीवाल्याला आपण नाही म्हणून सांगितलं, असं बाईंनी लिहिलं होतं. आमच्या घरातही त्या काळी बायकांचे फोटो काढत नसत, कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या आजीचा एकही फोटो नाही, तेव्हा तुमची अट मला पटली. फोटो काढणारीचं नाव खाली अरबीत आणि इंग्रजीत छापू. सोबत तयार झालेला फोटो होता. मी तो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा केला आणि खुर्ची मामांना दिली.

पश्चिमेची भिंत, खिडकीतला एसी, निळं दार. मामा नव्हते. ते जिथे उभे होते तिथे नुसती वाळू होती, आणि मध्ये कुणीच उरलं नसल्यामुळे मामींची सावली आता सरळ त्या घरापर्यंत गेलेली दिसत होती. तिची मान एका बाजूला जराशी कललेली होती. आता एसीबद्दल काहीतरी येणार म्हणून मी वाट बघत होतो. मामांनी भिंग घेतलं नाही. ते पडद्याच्या अगदी जवळ तोंड घेऊन गेले.

“हिचा फोटो चांगला आलाय,” ते म्हणाले.