गरम बॉनेट

नातवाच्या शर्टाला डिझेलचा वास आला, की मला धरणगावचं ते खळं आठवतं. सत्तर सालच्या आसपास सासऱ्यांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, मी बैलगाडीने तिथे जुना ट्रॅक्टर बघायला गेले होते. मालकाने तो एका झटक्यात सुरू केला. मी लगेच बॉनेटला हात लावला, तर चटका बसला. माहेरी विहिरीवरचं इंजिन मीच चालवायचे. म्हटलं, “हाऊ आधीच तपाडेल शे. थंडा व्हऊ द्या, मंग चालू करा.”

“आबा, बाईले यामा काय समजस?” मालक हसला. आबाही हसले. मी निंबाखाली बसकण मारली.

दुपारी गार पडलेला ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. मालकाने तो ओढायला आमचे बैल मागितले. मी दिले नाहीत.

परतताना वाटलं, सासऱ्यांपुढे फारच बोलले. आता वाटतं, कमीच बोलले.