सारवलेल्या घराचा पंचनामा

आमचं घर जळालं ते भर दुपारी, आणि आमच्याच राबाने. भाताची रोपं ज्या वाफ्यात टाकायची तिथे पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते जाळायचं, हा राब म्हणजे मुळशीतली उन्हाळ्याची घरोघरची रीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दरवर्षी स्वतः काडी लावायच्या. वारा पडलाय, असं त्या म्हणाल्या. पडला नाही, दबा धरून बसलाय, असं मी म्हणाले. पण सुनेचं कोण ऐकतं? निम्मा वाफा भाजून होतोय तोच वावटळ उठली आणि पेटता पाला उचलून तिने थेट आमच्या गवती छपरावर नेऊन टाकला. लेकीला काखेत मारून मी विहिरीकडे पळाले. दुसरी घागर ओतेपर्यंत छप्पर खाली बसलं होतं.

माणसं वाचली. बैल रानात होते, म्हणून तेही वाचले. बाकी सगळं गेलं, आणि त्यात बियाण्याची कणगी गेली. मृग पंधरवड्यावर आलेला. आमचे हे मुंबईला डबे पोचवायच्या कामाला. त्यांना पत्र मिळून ते येईपर्यंत पेरणीचे दिवस निघून जाणार. खायला तांदूळ कुणीही देतं हो, पण बी कुणाकडे मागायचं? जो तो आपल्या वाफ्याला पुरेल तेवढंच राखतो. वाफा रिकामा राहिला की खाचरं पडीक, आणि खाचरं पडीक राहिली की पुढचं सगळं वर्ष दुसऱ्याच्या बांधावर. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. बी, बी आणि बी.

गाव मात्र धावून आलं. आमच्याकडे कुणाचं घर जळालं की सांगायला लागत नाही. कुणी वासे आणले, कुणी आपल्या बैलांच्या वैरणीतला पेंढा काढून दिला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार भिंतींवर पुन्हा छप्पर उभं राहिलं. बायकांनी घरटी एकेक भांडं आणून ठेवलं, त्यात ओंजळ ओंजळ धान्यही घातलं. माझ्या चुलत जावेने तर स्वतःच्या माहेरचा हंडा डोक्यावरून आणला.

पोलीस पाटलांनी पौडला कचेरीत वर्दी दिली होती. त्यांनी सांगावा आणला की जळिताला सरकारकडून मदत मिळते, बीसुद्धा मिळतं, फक्त तलाठी भाऊसाहेब येऊन पंचनामा करून जातील. उद्याच येतील. मी देवापुढे हात जोडले. आत्याबाईंनी कंबर कसली.

“सायेब येनार, आन् घर असं राखंत लोळतंय? लोकं काय म्हनतील?” त्या म्हणाल्या. “ऊठ, शेन आन.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण. दारी आलेल्या माणसाला आपली पडझड दाखवायची नाही. आम्ही राख पाट्या भरभरून बाहेर नेली, काळ्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या, जमीन सारवली, उंबऱ्यापुढे रांगोळी घातली. गावाने दिलेली भांडी आत्याबाईंनी राखेने घासून फळीवर ओळीने मांडली. दोष एकट्या त्यांना देणार नाही. मीही सारवत होते, चौथी शिकलेली मी! साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार, एवढंच आम्हा दोघींना कळत होतं.

भाऊसाहेब सकाळी आले. बस पिरंगुटपर्यंतच मिळाली होती, तिथून पुढे चालत आल्यामुळे घामाघूम झालेले. माणूस वाईट नव्हता. गुळाचा चहा प्यायले, दप्तर मांडीवर घेतलं, घरभर नजर फिरवली आणि लिहायला लागले. पाटील आणि गावातले एक वडीलधारे पंच म्हणून शेजारी बसले. बायका दारात दाटल्या होत्या. मी डोक्यावर पदर घेऊन आतल्या भिंतीशी उभी होते.

“सावरलंत की आजी लवकर,” भाऊसाहेब म्हणाले.

“तुमच्या पायागुनानं,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर केवढं समाधान होतं!

मग भाऊसाहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. घर शाकारलेले आढळले. जमीन व भिंती सुस्थितीत. भांडी व धान्य घरात हजर. नुकसान किरकोळ. पंचांनी अंगठे उठवावेत.

पाटलांनी शाईला अंगठा लावलासुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गावाने घर उभं केलं याचाच त्यांना अभिमान. मला मात्र लगेच उमगलं. नुकसान किरकोळ, म्हणजे बी नाही. तो अंगठा कागदावर टेकला की आमचा वाफा रिकामा. सासू, पाटील, गावचे म्हातारे, सगळे समोर, आणि मी लग्नाला जेमतेम चार वर्षं झालेली सून. तरी बोलले.

“थांबा. ह्यातलं आमचं काय बी न्हाई.”

आत्याबाईंनी गर्रकन मान वळवली. “गप ऱ्हा.”

भाऊसाहेबांनी टाक खाली ठेवला. “काय आजी? भांडी तुमची नाहीत?”

आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं, तिथल्या बायकांकडे पाहिलं. मग ताठ बसून म्हणाल्या, “माझीच हायेत की. माझ्या घरात दुसऱ्याची कशाला आसतील?”

कुणी कुणाची लाज काढायची नाही, हेही गावाचं वळणच. मला संताप आला, खरं सांगते. भांडी कुणाची हे सगळ्यांना माहीत, आणि तोंड उघडेना कुणी! मी फळीवरचा हंडा खाली ओढला आणि काठावर छिन्नीने ठोकून घातलेलं नाव मोठ्याने वाचलं. माझ्या चुलत जावेच्या बापाचं. मग तांब्या, त्यावर पाटलांच्या थोरल्या सुनेचं. मग परात, मग कळशी, मग पातेलं. एकेक भांडं उचलायचं, नाव वाचायचं आणि भाऊसाहेबांपुढे ठेवायचं. पाच भांड्यांवर पाच घरांची नावं, त्यात आमचं एकही नाही. आत्याबाई जमिनीकडे बघत होत्या. मला दिसत होतं, पण मी थांबले नाही.

चुलत जाऊ पुढे झाली, हंड्यातलं धान्य तिने पदरात ओतून घेतलं आणि हंडा उचलून बाहेर गेली. तिचं बघून बाकीच्या आल्या. ज्यांनी परवा आणून ठेवलं होतं त्यांनीच ते उचललं, कुणी डोळे पुसत, कुणी माझ्याकडे रागाने बघत. “आन् छपराचा पेंढा आमच्या वैरनीतला,” दारातून कुणीतरी सांगितलं. बघता बघता सारवलेलं घर मोकळं झालं. तीन दगडांची चूल राहिली, लेकीची झोळी राहिली, आणि मधोमध आत्याबाई.

“भांड्यांचं मी लिहितो,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. “पण बी जळालं हे कशावरून लिहू? राख नाही, कणगी नाही, कणभर खूण नाही. मी पाहिलं तेच लिहिणार, बाई. उद्या वरून कुणी विचारलं तर?”

आम्ही राख नदीला सोडली होती. जळकं भात मात्र आत्याबाईंनी एकटीने पाटीत भरून पहाटेच कुठेसं नेलं होतं. कुठे, ते मी विचारलं नव्हतं. आता विचारायचं कुठल्या तोंडाने?

“आत्याबाई,” मी त्यांच्यापुढे बसले. “भात कुटं टाकलंत? सांगा की वो.”

मी त्यांचे पाय धरले. खोटं कशाला सांगू, माया होती म्हणून नव्हे, बियासाठी धरले. भाऊसाहेबांनी दप्तर बांधायला घेतलं, दोरीची एक गाठ मारली, दुसरी मारायला लागले. पाटलांनी खाकरून पाहिलं. माझ्या मनात आलं, या बाईला आत्ता खांदे धरून हलवावं.

तेव्हा त्या उठल्या. कुणाकडे न बघता बाहेर पडल्या, आणि आम्ही सगळे मागोमाग. वाफ्याच्या बांधाला करवंदीची जाळी होती, तिच्या बुडाशी बसून त्यांनी हातांनी माती उकरली. खाली जळक्या भाताचा ढीग होता. काळा, काही दाणे अजून अर्धे पिवळे.

“जळलं तरी अन्न हाय,” त्या म्हणाल्या. “उकिरड्यावर कसं टाकू?”

भाऊसाहेबांनी मूठभर उचलून पाहिलं आणि तिथेच बांधावर बसून नवा कागद काढला. या वेळी पंचांनी अंगठे उठवले.

बी आलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण पाटील स्वतः दोनदा पौडला जाऊन बसले आणि गाडीतून एक पोतं बियाणं घेऊनच आले. शिवाय थोडी ज्वारी, आणि वासे तोडायचा परवाना. मृगाला चार दिवस होते, ढग रोज सकाळी येऊन डोंगराला टेकत होते. उशीर करण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवसापासून आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. वाफ्यावर पहिली मूठ घरातल्या थोरल्या बाईने टाकायची असते. मी पाटी भरून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली.

“तूच टाक. बी आनलंस तू. पर गावाफुडं माझ्या अंगावरचं लुगडं फेडून आनलंस.”

मी म्हणाले, “मंग काय उपाशी मरायचं हुतं का?”

“तसं म्या कुटं म्हनलं?” त्या म्हणाल्या, आणि बैलांना वैरण घालायला निघून गेल्या.

मूठ मी टाकली. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नावं वाचीन. रोपं दाट आली, खाचरं भरली, दिवाळीनंतर नवीन तांदूळ घरात आला. आत्याबाई वर्षभर तोच भात जेवल्या. पण ताटात पहिल्यांदा वाढलेला भात संपला की त्या हात धुवायच्या, आणि त्या वर्षात पुन्हा वाढ म्हणून त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही.