सिद्रामची पुसलेली कॅसेट

वर्गात कुणी भुताचं नाव काढलं तर त्याला मी भागाकाराची दहा उदाहरणं सोडवायला लावतो. राजेश्वर गावच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवतोय. करणी, भानामती, अंगारा यांवर कधी विश्वास ठेवला नाही, आजही नाही. त्यामुळे खालची हकीकत माझ्या हातून लिहिली जाणं हेच मुळात विचित्र आहे. पण मनात ठेवून ठेवून आता थकलोय...

आधी गाडीत टेप नि स्पीकर बसवायच्या आमच्या नादाबद्दल सांगतो. दर रविवारी हुमनाबादला खलीलभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आम्ही चार-पाच जण जमायचो. आठवड्यात ज्यानं जे घेतलं ते टेबलावर मांडायचं — कुणाचा जपानी डेक, कुणाचा इक्वलायझर, कुणाचे हैदराबादहून आणलेले स्पीकर. मग बाकीच्यांनी यथेच्छ नावं ठेवायची. यांत गाडी नसलेला मी एकटाच. गाडी नसताना गाडीचे स्पीकर कशाला, हा प्रश्न बायको अजून विचारते. मी ते सिद्रामच्या जीपमध्ये बसवायचो.

सिद्राम राजेश्वर-बसवकल्याण पॅसेंजर मारायचा. घर धनगराचं. वडिलांच्या मागे यानं मेंढरं विकून जीप घेतली आणि जीपला चार स्पीकर लावले. पॅसेंजर आवाज कमी कर म्हणाले की हा वाढवायचा. माझ्यासारख्या घुम्या माणसाचा तो एकुलता एक दोस्त होता.

एका रविवारी खलीलभाई नमाजला गेले होते. दुकानात आम्ही दोघंच. नवीन माईक चालतो का बघायला सिद्रामनं कोरी कॅसेट टाकली आणि बोलत सुटला. काय काय घेतलं, अजून काय घ्यायचंय... आणि मग माझ्यावर घसरला, कारण त्याच सकाळी मी त्याच्या स्पीकरची वायर उलटी जोडली होती. "लाल वायर काळीला लावली की रे मास्तर! पोरायला वजाबाकी तरी नीट शिकवायलास का?" कॅसेट मी घरी आणली. आम्हा दोघांशिवाय ती कुणी ऐकली नव्हती.

पुढच्याच पावसाळ्यात सिद्राम काविळीनं गेला. आठ दिवसांत. त्याची आई, आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो, मला म्हणाली, "मास्तर, तुमच्यापाशी त्याचा आवाज हाय म्हनं. वर्साच्या दिवशी आइकवा मला." मी हो म्हणालो.

वर्षश्राद्धाच्या आधी मोठ्या मशीनवर एक चांगली नक्कल करून ठेवावी म्हणून ती कॅसेट घेऊन मी हैदराबादला गेलो. रेकॉर्डिंगवाला दुकानदार म्हणाला, मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात या. तिथंच दोन मोठे स्पीकर दिसले. मला राहवेना. घेतले, आणि कॅसेट होती त्याच पिशवीत टाकले. स्पीकरच्या पाठीला केवढा लोहचुंबक असतो आणि लोहचुंबक टेपचं काय करतो, हे मी चारचौघांना समजावून सांगणारा माणूस! बसमध्ये पाच तास मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी खलीलभाईंनी तीन वेगवेगळ्या डेकवर कॅसेट लावली. दोन्ही बाजू. नुसती खरखर. "मास्टर, इसमें कुच बी नै. पूरा साफ हो गया."

वर्साच्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर खलीलभाईंनी सिद्रामच्या अंगणातल्या जीपला चार्ज केलेली बॅटरी जोडली. मी खरं सांगायच्या तयारीनंच गेलो होतो. पण अव्वा धुतलेलं लुगडं नेसून, पदर सारखा करून पुढच्या सीटवर बसली होती. खरखर ऐकू आली की टेप खराब झाली म्हणून सांगू, असं ठरवलं आणि बटण दाबलं.

खरखर सुरू झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अव्वा पदर तोंडाला लावून हसली.

"बघा की मास्तर, तुमालाच शिव्या घालायलाय! लाल वायर काळीला लावली म्हनं... पोरायला वजाबाकी शिकवता का इचारायलाय."

मी चटकन खलीलभाईंकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली. त्यांनाही खरखरच ऐकू येत होती. अव्वा मात्र मध्येच हुंकार देत होती, मध्येच "व्हय रे बाबा" म्हणत होती.

त्याला चार वर्षं झाली. दर वर्षी मी आणि खलीलभाई बॅटरी घेऊन जातो. दर वर्षी मी खरखर ऐकत बसतो, ती हसली की हसतो. मनाशी सगळी कारणं लावून पाहिली. सिद्राम तिला आधी बोलला असेल? पण शब्दन् शब्द, त्याच क्रमानं? खलीलभाई म्हणतात, विचार करू नका. मला उदाहरण सुटत नाही, एवढं खरं. दर वर्षी खरं सांगायचं ठरवून जातो आणि तसाच परत येतो. या खोटेपणाचाच जास्त शीण आलाय.

यंदा कॅसेट संपत आली आणि अव्वा एकदम गप्प झाली. कान देऊन ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"आज नवंच बोलायलाय की. मास्तरला इचार म्हनायलाय, आइकू आल्यावानी किती दिस करनार हाईस?" मग तिनंच विचारलं, "म्हंजी काय वो मास्तर?"

मी स्पीकरला कान लावला. आवाज होता तेवढा वाढवला. माझा दोस्त माझ्याशी बोलत होता आणि मला खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. अव्वासमोर, त्या जीपमध्ये, मी पोरासारखा रडलो.