न उसवणारं पुस्तक

पुस्तक हातात आलं की आधी कणा दाबून बघायचा. मग मधलं पान उघडून त्यात नाक खुपसायचं. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटायचा, आणि ओवला गेला की स्वतःलाच "शाबास" म्हणायचं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की मुद्दाम खळ ढवळत बसायचं. चहा गार होऊ द्यायचा आणि मग गार झाला म्हणून कुरकुरायचं. कुणाचंही पोर दारात दिसलं की विचारायचं, "कितवीत?"

गल्ली त्यांना बाइंडरकाका म्हणायची. दुकान दहा बाय आठचं. अर्ध्या जागेत कटिंग मशीन आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा, उरलेल्या अर्ध्यात तीन-चार वर्षांची पोरं. आया कामावर गेल्या की ही पोरं तिथं रद्दीचे तुकडे उलटसुलट करत बसत. पान उजवीकडून उलटायचं असतं एवढं तरी ती शाळेआधी शिकत.

काका स्वतः सातवी नापास. "पुस्तक आतून मला कळत नाही," ते म्हणायचे, "पण बाहेरून माझ्याइतकं कुणाच्या बापाला कळत नाही."

भिंतीतल्या कपाटात गल्लीची पुस्तकं होती. पहिलीपासून थेट नोकरीच्या परीक्षेपर्यंत. एकानं वापरायची, काकांनी उसवून पुन्हा दोऱ्यानं शिवून जुजबांधणी करायची, दुसऱ्याला द्यायची. एक अट होती. पुस्तक परत करणाऱ्यानं ते घेणाऱ्याजवळ दहा रविवार बसायचं. काय अवघड गेलं, काय विचारतात, फॉर्म कुठं मिळतो, सगळं सांगायचं. टेलरमावशीपासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ही अट मान्य केली होती, कारण सगळ्यांचीच पोरं त्या कपाटावर वाढत होती.

कपाटातलं सर्वांत जाड पुस्तक एक्स-रे आणि लॅबच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचं. त्याच्यावर गल्लीतली पाच जणं मार्गी लागली. पहिल्या तिघांनी दहा रविवार दिले. चौथीनं चार दिले. पाचव्यानं फोनवर शुभेच्छा दिल्या.

सहावी इस्त्रीवालीची मुलगी. सतत काहीतरी विचारायची म्हणून तिला शंकाबाई म्हणत. आईचा खांदा धरला तशी शाळा संपल्यावर तीच इस्त्री करू लागली. टेबलाच्या एका कोपऱ्यावर पुस्तक, मधे शर्ट, दुसऱ्या कोपऱ्यावर इस्त्री. पुस्तकाचा एक कोपरा एकदा भाजला तेव्हा काकांनी तिला फैलावर घेतलं आणि त्याच दुपारी कापडी पट्टी लावून दिली.

फॉर्म भरायला काका तिच्याबरोबर गेले. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, "माहितीपत्रक छापू का? बारा पानं आहेत."

शंकाबाईनं काकांकडं पाहिलं.

"कशाला?" काका म्हणाले. "पुस्तक आहे ना आपल्याकडं."

परीक्षेच्या महिनाभर आधी सर आला. सर म्हणजे पहिल्या पाचांतला पहिला. आता त्याच परीक्षेतून जिथं प्रवेश मिळतो त्या संस्थेत शिकवतो. त्याला प्रबंध बांधून हवा होता, काळं कापड, सोनेरी अक्षरं. शंकाबाई पायरीवर वाचत बसली होती. सरनं पुस्तक तिच्या हातातून घेतलं, चाळलं, कणा दाबून बघितला.

"अजून हेच! काय बांधणी आहे काका. माझ्या वेळचं एक पान निखळलं नाही."

काका लाजले. "पानं निखळली तर बाइंडर कसला मी?"

"बेस्ट लक," सर शंकाबाईला म्हणाला आणि गाडीत बसला.

परीक्षेहून शंकाबाई आली ती सरळ दुकानात.

"काका, अर्धे प्रश्न पुस्तकातले नव्हतेच."

"नीट वाचलं नसशील."

"पाठ आहे मला. कुठल्या पानावर काय आहे ते सांगते. विचारा."

काकांना विचारता येण्यासारखं काही नव्हतं. "इस्त्री करत वाचलं की असंच होणार," ते म्हणाले. ती इस्त्रीकडं निघून गेली.

निकाल लागला. ती राहिली. इस्त्रीवाली दुकानाच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"दीड वर्षं तुमचं पुस्तक हिच्या उशाला होतं हो," एवढंच म्हणाली.

कॉम्प्युटरवाल्यानं पडद्यावर दाखवलं. परीक्षा दोन वर्षांपूर्वीच बदलली होती. काही धडे गेले, काही नवे आले, काहींतली आकडेमोड बदलली. माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. त्याच पानाच्या तळाशी वयाची अटही होती. शंकाबाईला आणखी एकदाच बसता येणार होतं.

काकूंनी जेवताना विषय काढला. "सगळ्या गल्लीला शहाणं करायला निघालात. एक कागद छापून घ्यायचं सुचलं नाही?"

काका ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते संस्थेत गेले. सर वर्गाबाहेर भेटला.

"काका! तुम्ही इथं? आत या ना, बसा."

"बसत नाही. एकच विचारायचंय. त्या दिवशी पुस्तक हातात घेतलंस. तुला ठाऊक होतं?"

सर चष्मा पुसू लागला. "परीक्षा बदलल्याचं? हो म्हणजे... ते तर झालं की दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल."

"कोण कुणीतरी?"

सरनं चष्मा चढवला. "काका, सगळं जाहीर झालेलं असतं हो. माहितीपत्रकात, पान चार."

पान चार. ते पान छापायला नको म्हणणारे काकाच होते.

"बरं. तिला अजून एक संधी आहे," ते म्हणाले. "दहा रविवार देशील?"

"या वर्षी जरा ओढाताण आहे. बघतो."

"बघणं तुला जमतंच. त्या दिवशीही बघितलंसच."

बाकीच्या चौघांनाही त्यांनी गाठलं. दुसऱ्याच्या घरी पाहुणे होते. तिसऱ्यानं एका क्लासचा पत्ता दिला, फी सांगितली नाही. चौथी रडली, पण रविवार दिला नाही. पाचव्याचा फोन लागला नाही.

मग काकांनी नवं पुस्तक विकत आणलं. शंकाबाईचा दिवस इस्त्रीत जायचा. सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला तिच्याकडं वेळ नव्हता. जुनं तिला पाठ होतं. बदललं तेवढंच कळलं तर निभावलं असतं.

"ते मी काढून देतो," काका म्हणाले.

"तुम्ही? काका, भौतिकशास्त्र आहे ते."

"मला कुठं समजून घ्यायचंय? दोन ओळी सारख्या आहेत की नाहीत एवढंच बघायचंय. अक्षर ओळखतो मी."

शिकंजा बाजूला सारून त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. डावं बोट जुन्या ओळीवर, उजवं नव्या ओळीवर. ओठ हलवत, एकेक शब्द. फरक दिसला की नव्या पुस्तकात पांढरी चिठ्ठी. एका धड्याला तीन-तीन दिवस लागत. बाइंडिंगची कामं तुंबली. गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. सरचा प्रबंध त्यांनी न बांधताच परत पाठवला. संध्याकाळी शंकाबाई येई आणि चिठ्ठ्यांची पानं तेवढी घेऊन बसे. एकदा म्हणाली, "काका, यातल्या दोन चिठ्ठ्या नुसत्या छपाईच्या चुकांच्या आहेत."

"असू दे," काका म्हणाले. "मला काय कळतं त्यातलं? मी एकही सोडणार नाही."

गुरुवारी दुपारी टेलरमावशी कात्री मागायला गेली. काका टेबलावर डोकं टेकून होते. तिला वाटलं झोपलेत. ती कात्री घेऊन परत आली. तासाभरानं काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा कळलं.

अंत्ययात्रेला पाचही जण आले. सरनं खांदा दिला. पुस्तकाबद्दल कुणीच विचारलं नाही.

नवं पुस्तक आता शंकाबाईकडं आहे. सतरा धडे आहेत. आठव्या धड्याच्या निम्म्यापर्यंत पांढऱ्या चिठ्ठ्या आहेत, एकूण एकसष्ट. त्यापुढं एकही नाही. पुढं काही बदललेलं नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. काका तिथवर पोचले नाहीत.